वास्तू आणि वहिवाट : नगरसंस्थांच्या कलाश्रयाची मीमांसा

१

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात ‘आश्रय’ हा शब्द वारंवार येतो. परंतु त्याची चिकित्सा क्वचितच होते. राजाश्रय आणि लोकाश्रय अशी एक ठरीव जोडी योजून बहुतेक विवेचने पुढे जातात. राजाश्रय ओसरला आणि लोकाश्रय आला, एवढे एक विधान केले की शतकभराच्या घडामोडींचा हिशेब पुरा झाला, असे मानण्याची प्रथाच पडून गेली आहे. वास्तविक स्वातंत्र्योत्तर काळात या दोहोंहून भिन्न असा तिसरा आश्रयदाता पुढे आला. हा आश्रयदाता म्हणजे नगर. अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर नगरपालिका व महानगरपालिका. पुणे, कोल्हापूर, ठाणे, मुंबई या शहरांतील कितीतरी नाट्यगृहे आज नगरसंस्थांच्या मालकीची आहेत. नाटक कोठे व्हावे, कोणत्या वारी व्हावे आणि त्यासाठी किती भाडे पडावे, हे ठरविण्याचा अधिकार एकेकाळी संस्थानिकाच्या वा नाट्यगृहमालकाच्या हाती होता. आता तो फार मोठ्या प्रमाणात नगरसंस्थेच्या कार्यालयाकडे आला आहे. असे असूनही या नगराश्रयाचे स्वरूप काय, त्याची बलस्थाने कोणती आणि उणिवा कोणत्या, याचा विचार नाट्यसमीक्षेने प्रशासनाचा विषय म्हणून बाजूस ठेवला आहे.

हा विषय प्रशासनाचा आहे तितकाच वाङ्मयाचाही आहे, ही प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे. आश्रयाची पद्धती जशी असते तशी कला घडते. राजाची इच्छा, तिकिटाची खिडकी आणि सरकारी अनुदान ही तीन भिन्न कारणे आहेत आणि त्यांची कार्येही भिन्न आहेत. नगराश्रयाचे कार्य कोणते, हे पाहावयाचे तर त्याची दोन अंगे वेगळी करावी लागतात. एक अंग वास्तूचे : भूखंड, आराखडा, बांधकाम, कोनशिला, उद्घाटन. दुसरे अंग वहिवाटीचे : त्या वास्तूत वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत कोण येते, कोणत्या दराने येते, कोणाला तारीख मिळते, कोणाला मिळत नाही आणि पडदा, दिवे, स्वच्छतागृहे कोणत्या अवस्थेत असतात. आपल्या नगरसंस्थांनी पहिल्या अंगाला कलाश्रय मानले आणि दुसऱ्याला केवळ व्यवस्था मानले. या विभागणीतच नगराश्रयाच्या बऱ्याचशा अपयशाचे मूळ आहे.

२

पूर्वेतिहासाकडे दृष्टी टाकल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रेरणेने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि दरबारचा आधार तुटला. भावे आपले नटसंच घेऊन गावोगाव फिरू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. अवघ्या दहा वर्षांत मराठी नाटक राजदरबारातून तिकिटाच्या खिडकीपर्यंत आले. या स्थित्यंतराचा गौरव नेहमी होतो. परंतु त्यातील गर्भित अर्थाकडे दुर्लक्ष होते. भाव्यांना दरबाराने केवळ जागा दिली नव्हती. नटांच्या निर्वाहाची आणि तालमीच्या काळाची तरतूद केली होती. तिकिटाने प्रयोगाचा मोबदला मिळू लागला. तालमीच्या महिन्यांचा मोबदला मात्र कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून अनुत्तरित राहिला.

किर्लोस्कर नाटक मंडळींपासून गंधर्व नाटक मंडळींपर्यंतच्या काळाला लोकाश्रयाचा सुवर्णकाळ म्हणण्याची पद्धत आहे. त्या काळातही तालमीचा, वेषभूषेचा आणि बिऱ्हाडाचा बोजा मंडळीच्या मालकांवर पडत असे आणि तो कर्जाने वाहिला जाई. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय आणि महाराष्ट्रभरच्या प्रेक्षकांचे उदंड प्रेम असूनही ही मंडळी कर्जात बुडाली. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात उतरले. बोलपटाच्या लाटेत नाट्यगृहेही टिकली नाहीत. पुण्याचे विजयानंद हे त्याचे ठळक उदाहरण. नाटकाची जागाच गेली म्हणजे लोकाश्रयाला व्यक्त होण्याचे स्थळच उरत नाही. प्रेक्षक प्रयोगाचे मोल देऊ शकतो; परंतु शहराच्या मध्यवस्तीतील जमिनीचे मोल तो तिकिटाच्या रूपाने फेडू शकत नाही. नगराने या क्षेत्रात पाऊल टाकावे, यामागील खरे कारण हे आहे.

राजाश्रयाचे स्वरूप कोल्हापुरात अधिक रेखीव दिसते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि त्याच्या लगत १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले. मल्ल आणि नट हे एकाच नगरजीवनाचे घटक आहेत, असा विचार या शेजारात आहे. शाहूंचा आश्रय वास्तूपुरता नव्हता. अल्लादियाखाँसाहेबांसारखा थोर गवई दरबारी होता; बाबूराव पेंटरांच्या चित्रपटनिर्मितीलाही त्यांचे साहाय्य लाभले. वास्तू आणि वहिवाट ही दोन्ही अंगे येथे एकाच व्यक्तीच्या रसिकतेत एकवटली होती. मात्र १९२२ मध्ये शाहूंचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईस गेले. राजाश्रयाचे सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता या एकाच घटनेत आढळते. एका व्यक्तीची अभिरुची हा त्याचा पाया असल्याने त्या व्यक्तीच्या आयुष्याएवढेच त्याचे आयुष्य असते. गवई गेला, नाट्यगृह मात्र राहिले. पुढे संस्थान विलीन झाले आणि ते नगरसंस्थेकडे आले. म्हणजे नगराला वारशाने वास्तू मिळाली. तिच्यामागील वहिवाट वारशाने मिळण्याजोगी नव्हती.

३

नगरसंस्थेची कलाविषयक जबाबदारी कायद्याने कशी आखली आहे, हे पाहणे येथे उद्बोधक ठरेल. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार चालतो. अन्य महानगरपालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे. त्यात नगरसंस्थेच्या कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत. कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्ये येतात : पाणी, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण इत्यादी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये येतात. नाट्यसंगीतादी कलांवरील खर्च स्वभावतःच या दुसऱ्या वर्गात पडतो. याच अधिनियमाने ज्या करांची मुभा दिली आहे त्यांत नाट्यगृहकराचाही समावेश आहे. म्हणजे कलेचे संवर्धन ऐच्छिक आणि कलेवर कर बसविण्याचीही मुभा, अशी ही रचना आहे.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या स्थितीत तत्त्वतः मोठा फरक केला. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यान्वये संविधानास जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय दिले असून त्यांतील तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक अंगांच्या संवर्धनाचा आहे. संविधानाने कलासंवर्धन हा नगराच्या विहित कार्यक्षेत्राचा भाग मानला, ही गोष्ट लहान नाही. परंतु विषय सोपविणे वेगळे आणि त्यासाठी द्रव्य व निकष ठरवून देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीविषयी अनुसूची मौन बाळगते. परिणामी सांस्कृतिक संवर्धन म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्येक नगरसंस्थेने आपल्या अंदाजपत्रकाच्या भाषेत लावला.

त्या भाषेत खर्चाचे दोन प्रकार असतात : भांडवली आणि महसुली. भांडवली खर्चातून वास्तू उभी राहते. तिला कोनशिला असते, तिचा उद्घाटनसमारंभ होतो आणि ती उभारणाऱ्याच्या नावावर जमा होते. महसुली खर्चातून दिव्यांची दुरुस्ती होते, पडदा धुतला जातो, रंगमंचावरील कुजलेली फळी बदलली जाते, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाला वेतन मिळते. या खर्चाला कोनशिला नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधीची मुदत पाच वर्षांची. रंगमंचाची फळी हळूहळू कुजते. ज्या खर्चाचे श्रेय कोणालाच लाभत नाही तो खर्च अपुरा पडावा, हे या रचनेचे स्वाभाविक फळ आहे. त्यासाठी कोणा व्यक्तीला दोष देण्याचे कारण नाही.

४

या रचनेची परीक्षा घेण्यासाठी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारखे दुसरे उदाहरण नाही. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते या वास्तूचे भूमिपूजन झाले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. रंगमंदिराच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांच्या सारख्या जाणकाराचे मार्गदर्शन होते. सुमारे हजार आसनांचे प्रेक्षागृह, प्रशस्त रंगमंच, कलादालन अशी सुविधा त्या काळी एखाद्या नगरसंस्थेने उभारावी, ही असाधारण गोष्ट होती. कर्जाने नाटक मंडळी गमावलेल्या नटाच्या नावाने नगराने नाट्यगृह बांधले, यात एक प्रकारची ऋणमुक्ती होती. मराठी नगराश्रयाचा हा आदर्श नमुना ठरला; पुढे अनेक शहरांनी याच धर्तीवर नाट्यगृहे उभारली.

नेमका येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. हजार आसनांचे कमानी रंगमंचाचे प्रेक्षागृह ही कलेच्या बाबतीत तटस्थ वस्तू आहे काय? नगरसंस्थेने कलेच्या गुणावगुणात पडू नये, तिने केवळ जागा द्यावी आणि निवड प्रेक्षकांवर सोडावी, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. हा युक्तिवाद वरवर निर्दोष दिसतो. वस्तुतः आसनांची संख्या ठरली की नाटकाची निवड अर्धीअधिक होऊन जाते. हजार आसने ज्याला भरता येतात त्याच्यासाठी ते नाट्यगृह आहे. ज्याच्या प्रयोगाला ऐंशी प्रेक्षक येणार त्याच्यासाठी ते नाही. भाडे कितीही सवलतीचे असले तरी हजार आसनांच्या प्रेक्षागृहात ऐंशी प्रेक्षकांपुढे होणारा प्रयोग नटाला आणि प्रेक्षकाला सारखाच क्लेशदायक होतो. म्हणून जागेचे आकारमान हाच एक वाङ्मयीन निर्णय असतो, हे मान्य करावे लागते.

पुण्याच्या नाट्येतिहासातील काही घटना या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. १९६३ मध्ये महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पुढील अनेक पिढ्यांतील नटांची व लेखकांची जडणघडण या स्पर्धेत झाली. तिचे नाते प्रामुख्याने भरत नाट्य मंदिराशी राहिले आणि हे नाट्यमंदिर एका नाट्यसंस्थेचे आहे, नगराचे नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला तोही भरत नाट्य मंदिरातच. बालगंधर्व रंगमंदिर उभे राहून तेव्हा चार वर्षे झाली होती. यावरून नगराचे रंगमंदिर निरुपयोगी ठरले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नाटक एकदा सिद्ध झाले की त्याला मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेण्याचे काम अशा रंगमंदिरांनी उत्तम रीतीने केले आहे. परंतु नाटक सिद्ध होण्याची प्रक्रिया अन्यत्र घडली. ती हौशी संस्थांनी, महाविद्यालयांनी आणि एका जुन्या नाट्यसंस्थेच्या वास्तूने तोलून धरली. नगराने फळाला आश्रय दिला, रोपाला दिला नाही.

वहिवाटीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. बालगंधर्व रंगमंदिराच्या दारावर संगीत नाटकातील अभिजात परंपरेचे नाव आहे. तेथे व्यावसायिक नाटकांबरोबर लावणीचे कार्यक्रमही मोठ्या गर्दीत होत आले आहेत. अभिजात अभिरुचीच्या काही अभिमानी व्यक्तींना हे रुचत नाही. समीक्षेच्या दृष्टीने मात्र हे अत्यंत अर्थपूर्ण आहे. ‘स्थानिक कला’ म्हणताना नगराच्या मनात जी प्रतिमा असते ती कमानी रंगमंचावरील शिष्ट नाटकाची. त्याच शहरात आर्यभूषण थिएटरात संगीतबारीची परंपरा खासगी मालकीच्या छपराखाली चालत आली. तिच्यासाठी नगराने स्वतंत्र वास्तू कल्पिली नाही. तरीही लावणी नगराच्या रंगमंदिरात आली, ती भाडे भरून आणि प्रेक्षक घेऊन आली. वास्तूने जे नाकारले होते ते वहिवाटीने मिळविले. कोणत्या कलेला नगराचा आश्रय आहे, याचे उत्तर कोनशिलेवर शोधू नये; ते आरक्षणाच्या नोंदवहीत शोधावे, असे म्हणण्याचे कारण हेच.

अलीकडच्या काळात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. २०१८ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये हे रंगमंदिर पाडून त्या जागी अनेक प्रेक्षागृहांचे नवे संकुल उभारण्याच्या योजनेची चर्चा झाली आणि कलावंतांत व रसिकांत तीव्र मतभेद व्यक्त झाले. विरोध करणाऱ्यांनी स्मृतीचा आधार घेतला. समर्थकांनी सोयींचा आधार घेतला. दोन्ही पक्षांचा वाद वास्तूभोवती फिरत राहिला. जुनी वास्तू टिकली तरी तारखांचे वाटप आणि देखभाल आहे तशीच राहणार असेल, तर स्मृती जतन होईल आणि नाटक होणार नाही. नवी वास्तू झाली आणि तिची तीनही प्रेक्षागृहे समारंभांनी भरली, तरी फल तेच. नव्या संकुलात लहान प्रेक्षागृह असावे ही सूचना स्वागतार्ह आहे. मात्र ते कोणाला, कोणत्या वारी आणि कोणत्या दराने मिळणार, हे आराखड्यात दाखविता येत नाही.

५

लहान जागेचे महत्त्व मुंबईच्या अनुभवाने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून जी प्रायोगिक नाट्यचळवळ उभी राहिली ती ‘छबिलदास’ याच नावाने ओळखली जाते. एका चळवळीला शाळेच्या सभागृहाचे नाव पडावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. हे सभागृह नाटकासाठी बांधलेले नव्हते. तेथे कमानी रंगमंचाचा दिमाख नव्हता, प्रेक्षकांसाठी मखमली आसने नव्हती. होती ती शाळा सुटल्यानंतर मोकळी होणारी, परवडणाऱ्या दरातील आणि सातत्याने मिळणारी जागा. या तीन गुणांपैकी तिसरा गुण निर्णायक होता. सातत्यामुळे प्रेक्षकाला ठिकाण ठाऊक झाले, नटाला अवकाशाची सवय झाली आणि लेखकाला विशिष्ट अंतरावरून ऐकणाऱ्या प्रेक्षकाचे भान आले.

छबिलदास हे खासगी शिक्षणसंस्थेचे सभागृह होते. पुढे ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलविले आणि तेथे अनेक वर्षे तालमी, प्रयोग व महोत्सव केले, नंतर तीही जागा संस्थेला सोडावी लागली. नगराश्रयाच्या मीमांसेत या माहीमच्या शाळेला फार मोठे स्थान द्यावयास हवे. प्रायोगिक रंगभूमीला जो आधार भव्य नाट्यगृहे देऊ शकली नाहीत तो येथे महापालिकेने दिला, आणि तो नव्या बांधकामाविना दिला. अस्तित्वात असलेली खोली सायंकाळी उघडी ठेवणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. भाव्यांच्या काळापासून अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे, म्हणजे तालमीच्या काळाची तरतूद कोणी करावी या प्रश्नाचे, नगराच्या हाती असलेले उत्तर हेच आहे. प्रत्येक महानगरपालिकेच्या मालकीच्या शाळा आहेत आणि सायंकाळनंतर त्या बंद असतात. तालमीला जागा नाही म्हणून गच्चीवर, वाहनतळात किंवा कोणाच्या दिवाणखान्यात उभे राहणारे हौशी कलावंत त्याच शहरात आहेत. या दोन गोष्टींची गाठ घालण्यास भांडवली खर्च लागत नाही. पहारेकरी, वीज आणि जबाबदारीचा एक करार लागतो. परंतु या आश्रयाचे उद्घाटन करता येत नाही. त्यामुळे तो धोरण म्हणून कधी स्वीकारला गेला नाही. कोणा सहृदय अधिकाऱ्याच्या संमतीवर तो जगला आणि ती संमती सरताच संपला. दरबारी आश्रयाची अनिश्चितता नगराश्रयात अशी मागील दाराने परत येते.

६

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे पूर्वीचे पॅलेस थिएटर, आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. ललितकलादर्श मंडळीचे हे संस्थापक १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मले आणि १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, निवर्तले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांसमवेत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला होता. रंगभूमीने समाजकार्यासाठी निधी उभारून दिला, असा तो प्रसंग. शंभर वर्षांनंतर त्यांच्या नावाच्या वास्तूची राख झाली तेव्हा कोल्हापूरचे कलावंत आणि सामान्य नागरिक घरचे माणूस गेल्याप्रमाणे तेथे जमले. राज्यशासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि काम हाती घेण्यात आले.

या तत्परतेचे स्वागत करतानाच तिच्यातील तर्कही पाहावयास हवा. आग लागल्यानंतर जो निधी उपलब्ध होतो तो भांडवली असतो. आग लागू नये म्हणून दरवर्षी लागणारा निधी महसुली असतो : विजेच्या तारांची तपासणी, अग्निशमन व्यवस्थेची चाचणी, रात्रपाळीचा प्रशिक्षित कर्मचारी. पहिल्या निधीसाठी सहानुभूतीची लाट पुरते; दुसऱ्यासाठी सवय लागते. शतकापूर्वीच्या लाकडी रंगमंचासह जुनी वास्तू सांभाळणे म्हणजे तिची दररोज काळजी घेणे होय आणि ही काळजी अंदाजपत्रकात ठळकपणे दिसत नाही. कोल्हापुरात काय राखले जावे, याचा विचार यामुळे अधिक खोलवर जातो. वास्तूचे बाह्य रूप जसेच्या तसे उभे करता येईल. परंतु शाहूंनी जे उभारले होते त्यात गवई, मल्ल, नट आणि चित्रकार यांच्या निर्वाहाची चिंता होती. तो अर्धा भाग आगीत जळालेला नाही. तो १९२२ नंतर हळूहळू विरत गेला आहे. त्याची पुनर्बांधणी कोणत्याही निविदेत येत नाही.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या नगरात सर्वांना पुरेसे पाणी मिळत नाही त्याने तालमीच्या खोल्यांची चिंता का करावी? आक्षेप गंभीर आहे आणि अनिवार्य कर्तव्यांचा अग्रक्रम कोणीही नाकारणार नाही. परंतु हा आक्षेप महागड्या नाट्यगृहाच्या बांधकामावर जितका लागू पडतो तितका शाळेची खोली उघडी ठेवण्यावर पडत नाही. काटकसर हाच निकष असेल तर वहिवाटीचा पक्ष वास्तूच्या पक्षाहून अधिक बळकट ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. तारखा, दर आणि सवलती ठरविताना नगरसंस्था कलेच्या गुणवत्तेचा निवाडा करू लागेल आणि त्यातून राजकीय पक्षपात वा छुपी नियंत्रणे उद्भवतील, अशी ही भीती आहे. ती निराधार नाही. मात्र निवाडा टाळल्याने निवाडा नाहीसा होत नाही. तो केवळ अदृश्य होतो. आजही शनिवार-रविवारच्या तारखा कोणाकडे जातात, शासकीय वा पक्षीय समारंभासाठी आधी दिलेली तारीख कधी काढून घेतली जाते, याविषयीचे निर्णय होतच असतात. ते लेखी नियमाने व्हावेत आणि सर्वांस पाहता यावेत, एवढीच मागणी येथे अभिप्रेत आहे. कोणते नाटक चांगले, हे नगराने सांगू नये. नवोदित आणि हौशी संस्थांसाठी वर्षातून किती दिवस राखून ठेवले आहेत, हे मात्र त्याने सांगितलेच पाहिजे. वर्षातून एकदा दिला जाणारा पुरस्कार कलावंताचा सन्मान करतो. राखून ठेवलेली तारीख त्याला काम देते, आणि कामाशिवाय पुढील पिढीचा पुरस्कारार्ह कलावंत निर्माण होणार नाही.

या चर्चेतून अभ्यासकांपुढेही एक कार्य उभे राहते. मराठी नाट्यसंशोधनाने संहिता जमविल्या, नाटक मंडळींचे इतिहास लिहिले, नटांची चरित्रे सिद्ध केली. नगरसंस्थांच्या नाट्यगृहांतील आरक्षणाच्या नोंदवह्या मात्र संशोधनसाधन म्हणून क्वचितच हाताळल्या गेल्या आहेत. कोणत्या वर्षी किती दिवस व्यावसायिक नाटक झाले, किती दिवस हौशी, किती दिवस संगीत, किती दिवस लावणी, शालेय संमेलने, सत्कार आणि सभा. कोणते भाडे कोणाला माफ झाले. दुरुस्तीसाठी नाट्यगृह किती काळ बंद राहिले : ही सर्व माहिती त्या नोंदींत असावयास हवी. स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीचा इतिहास संहितांतून जितका कळेल तितकाच या वह्यांतून कळेल. जुने कागद कार्यालये बदलताना आणि वास्तू पाडताना सर्वांत आधी रद्दीत जातात. जे आगीतून बचावतात त्यांना वाळवी लागते. म्हणून एखाद्या पदव्युत्तर प्रबंधासाठी एका शहरातील एका नाट्यगृहाच्या दहा वर्षांच्या नोंदी जरी पद्धतशीरपणे उतरवून घेतल्या गेल्या, तरी नगराश्रयाविषयीची आजची चर्चा अनुमानाकडून प्रमाणाकडे सरकेल आणि पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी कलावंतांच्या हाती अर्जासोबत जोडण्यासाठी आकडेही असतील.